वजनाचं ऑपरेशन: गटातून कर्ज काढण्याआधी



आरोग्यासाठी अंतर्गत कर्ज मागायला येणाऱ्या अर्जांची कारणं आपल्याला पाठ आहेत. सिझर, गर्भपिशवी, अपेंडिक्स, सासऱ्यांचा मोतीबिंदू. मध्यंतरी एका गटात वेगळंच कारण आलं. मुलीचं वजन ९५ किलो, साखर वाढलेली, शहरातल्या डॉक्टरांनी 'बॅरिॲट्रिक' ऑपरेशन सांगितलंय. अर्ज वाचल्यावर दोघी-तिघी हसल्या. "जाडी उतरवायला ऑपरेशन कशाला? दोन महिने खुरपायला लावा की!" मुलीची आई गप्प बसून राहिली.

हसण्यासारखं यात काही नाही. आणि हे ऑपरेशन नेमकं काय असतं हे त्या दिवशी बैठकीत कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी जाडीबद्दल. आपल्याला वाटतं, जाड बाई म्हणजे शहरातली, बसून खाणारी. २०१९ ते २०२१ या काळात देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात ग्रामीण भागातल्या दर शंभर बायकांमध्ये सुमारे २० जणींचं वजन जास्त निघालं. त्याआधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा १५ होता. गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) त्याच गावांतल्या शंभरातल्या २१ जणी प्रमाणापेक्षा बारीक निघाल्या. म्हणजे एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, एक जण कुपोषित आणि दुसरी जाड. स्वस्तात पोट भरायचं तर तांदूळ, तेल, साखर आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा. त्यात थायरॉईड, पाळीचा आजार, काही गोळ्या, बाळंतपणं. वजन एकदा खूप वाढलं की शरीरच ते धरून ठेवतं. जेवण कमी केलं की भूक वाढवतं. म्हणून "तिला तोंडावर ताबा नाही" असं म्हणणं सोपं असलं तरी खरं नाही.

आता ऑपरेशन. यात चरबी कापून काढत नाहीत, हा पहिला गैरसमज. ऑपरेशन जठराचं होतं, बहुतेक वेळा दुर्बिणीतून. एका प्रकारात जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्या प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्याला बायपास म्हणतात (हृदयाचा बायपास वेगळा). जेवण कमी जातं, आणि भूक लावणारी जी द्रव्यं पोटातून मेंदूकडे जातात त्यांचाही तोल बदलतो. मधुमेह असलेल्या कित्येकांची साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते ती यामुळे.

याने खरंच फरक पडतो का? पडतो. वर्ष-दोन वर्षांत साधारण पाव ते एक तृतीयांश वजन उतरतं. म्हणजे ९५ किलोची मुलगी ६५-७० पर्यंत येऊ शकते. स्वीडन देशात १९८७ पासून अशा ऑपरेशनच्या सुमारे दोन हजार रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, आणि ऑपरेशन न केलेल्या तेवढ्याच जाड माणसांशी तुलना केली. ऑपरेशनवाले सरासरी तीन वर्षं जास्त जगले. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जाहिरातीत नसते. ज्यांना आधी मधुमेह होता, त्यांच्यापैकी शंभरात ७२ जणांचा मधुमेह दोन वर्षांनी गेलेला होता. दहा वर्षांनी असे ३६ च उरले. म्हणजे आजार मागे हटतो, पण परत येऊ शकतो. ऑपरेशनमधला जीवाचा धोका चांगल्या, अनुभवी ठिकाणी कमी आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत महिन्याभरात मरण पावलेले रुग्ण हजारात तीन होते. कमी आहे, शून्य नाही.

पण मला तुमच्याशी खरं बोलायचंय ते घरी आल्यानंतरच्या दिवसांबद्दल. टाके सुकले म्हणजे संपलं, असं हे ऑपरेशन नाही.

पहिले काही आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, मग घट्ट. पुढे कायमच वाटीभर जेवण, सावकाश चावून. त्या वाटीत आधी अंडं, डाळ, मटकी, दही, आणि जागा उरली तर भाकरी. आपल्याकडे सुनेच्या ताटात सगळ्यात शेवटी आणि उरलेलं येतं. तिथे "आधी अंडं" हे घरातल्या सगळ्यांना पटवावं लागतं. बायपासनंतर गोड चहा किंवा लाडू खाल्ला की कित्येकांना छातीत धडधड, घाम आणि चक्कर येते.

लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर लागतात. दोन महिने घेऊन सोडायच्या नाहीत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं. लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही. ठरलेल्या वेळी रक्त तपासायचं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात ऑपरेशनशिवायच रक्त कमी आहे, हे त्याच सर्वेक्षणातलं. जिचं रक्त आधीच कमी, तिने गोळ्या चुकवल्या तर वजन उतरेल आणि बाई अंथरुणाला खिळेल.

सतत उलट्या होत असतील तर "पित्त झालंय" म्हणून लिंबूपाण्यावर भागवू नका. बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि असं असं ऑपरेशन झालंय हे सांगा. अंगदुखीच्या साध्या गोळ्या, विशेषतः डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, बायपासनंतर चालत नाहीत, जठरात जखम होते. किराणा दुकानातली कुठलीही गोळी मागून घ्यायची आपली सवय इथे महागात पडेल. तंबाखू आणि मिश्री बंद करायची.

आणि लग्न झालेल्यांसाठी महत्त्वाचं. वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस लवकर राहू शकतात. पण ऑपरेशननंतर साधारण एक ते दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत, आईला आणि बाळालाही पोषण कमी पडतं. बायपासनंतर पाळणा लांबवायच्या पोटातल्या गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून ठरवावा. आपल्याकडे "वजन उतरवा, म्हणजे लग्न होईल, म्हणजे मूल होईल" अशा घाईने हे ऑपरेशन होत असेल, तर ही दीड वर्षाची गोष्ट सासरच्यांना कोण सांगणार?

आता पैशाची बाजू. २०१७ मध्ये इजिप्तहून एका बाईला वजनाच्या उपचारासाठी खास विमानाने मुंबईला आणलं होतं, टीव्हीवर पाहिलं असेल. इतके हुशार सर्जन आपल्याच राज्यात आहेत. पण खासगीत काही लाखांचा खर्च येतो. विम्याची अटही बघा. वजन किलोत घ्या, त्याला उंचीने (मीटरमध्ये) दोनदा भागा. येतो तो आकडा म्हणजे बीएमआय. ज्या बाईची उंची दीड मीटर, म्हणजे पाच फुटांना थोडी कमी, तिचं वजन ९० किलो असेल तर तो ४० येतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या अटींनुसार ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत गंभीर आजार असेल, तरच विमा कंपनी हा खर्च धरते. ३५ म्हणजे त्याच बाईचं वजन ७९ किलो. उलट, आशियातल्या माणसांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आपल्यासाठी ही पायरी २७.५ वर आणली. म्हणजे ६२ किलो. याचा अर्थ ६२ किलोच्या प्रत्येकीने धावत सुटावं असा मुळीच नाही. पण माप कुणाच्या शरीरावर घेतलं आणि अंगरखा कुणाला घातला, हे विचारायला हवं.

हे एकट्या वजनाच्या ऑपरेशनचं नाही. २०१५ मध्ये जगातल्या तज्ज्ञांच्या लॅन्सेट आयोगाने हिशेब मांडला. वर्षाला सुमारे ३१ कोटी ऑपरेशनं होतात. जगातली एक तृतीयांशहून जास्त माणसं सगळ्यात गरीब देशांत राहतात, त्यांच्या वाट्याला शंभरातली फक्त ६ येतात. श्रीमंत देशातही सगळ्यांना सारखं मिळत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सारख्या वजनाच्या, सारख्या आजारांच्या काळ्या आणि गोऱ्या रुग्णांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशन तेच, तरी काळ्या रुग्णांचं वजन कमी उतरलं आणि त्यांना गुंतागुंत जास्त झाली. मला यात आपलीच गोष्ट दिसते. तपासणीला जायला रजा मिळते का, दवाखाना किती लांब, दुखतंय म्हटल्यावर कुणी ऐकतं का, यावर ऑपरेशनचं यश ठरतं.

उलट बाजूही आपण पाहिली आहे. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या इतक्या निघाल्या की २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली होती. जे ऑपरेशन गरजेचं ते मिळत नाही, आणि ज्याची गरज तपासलेलीच नाही ते कर्ज काढून होतं. म्हणून कुठल्याही मोठ्या ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयातलं. त्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

तर असा अर्ज गटात आला की हसू नका, आणि लगेच सहीही करू नका. डॉक्टरांकडून एक कागद आणायला सांगा. ऑपरेशनचा प्रकार कोणता, का, आणि पहिल्या वर्षाच्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि फेऱ्यांचा खर्च किती. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी आपण त्यात मिळवू. परतफेडीचा हप्ता या सगळ्यासकट झेपला पाहिजे. हप्त्यासाठी कॅल्शियमची गोळी बंद झाली तर कर्ज फिटेल आणि हाडं जातील. आठवड्याच्या हप्त्यावर पैसे देणाऱ्या मायक्रोफायनान्सकडे यासाठी जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते पाहा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि आरोग्यमित्राला भेटा, तो तिथेच बसतो. १५५३८८ वर फोन केला तरी माहिती मिळते. आणि ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत व्हीआरएफचा विषय आहेच. ऑपरेशननंतरच्या तपासणीच्या प्रवासखर्चाला त्यातून मदत देता येईल का, हा प्रश्न मी अजेंड्यावर घालायला सचिवताईंना सांगितलंय. ज्यांच्या घरात कुठलंही ऑपरेशन झालंय, त्यांनी औषधांच्या आणि प्रवासाच्या पावत्या घेऊन या, म्हणजे आकडा अंदाजाने धरावा लागणार नाही.