पडद्यावरचा धूर

सिनेमाचा नायक ओठांत सिगारेट धरतो. ऐटीत काडी पेटवतो. धुराची वलये सोडतो आणि मग एकटाच दहा गुंडांना लोळवतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पाहणाऱ्या मुलाच्या मनात नकळत दोन गोष्टींची गाठ बसते : हिंमत आणि सिगारेट.

चित्रांचा परिणाम किती लहान वयात होतो, ते पाहा. अमेरिकेत एका सिगारेट कंपनीने १९८८ साली आपल्या जाहिरातींत 'जो' नावाचा उंट आणला. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात सिगारेट, असा त्याचा थाट असे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तीन ते सहा वर्षांच्या २२९ मुलांना निरनिराळी चिन्हे दाखवली. कोणते चिन्ह कोणत्या वस्तूचे, असे त्यांना विचारले. सहा वर्षांच्या १०० मुलांपैकी सुमारे ९१ मुलांनी उंटाची जोडी सिगारेटशी बरोबर लावली. मिकी माऊसलाही जवळजवळ तितक्याच मुलांनी ओळखले. अमेरिकेत दूरदर्शनवर सिगारेटच्या जाहिरातींना १९७१ पासूनच बंदी होती, तरीही हे घडले. विरोध वाढल्यावर १९९७ साली कंपनीने तो उंट मागे घेतला.

अशी चित्रे आपल्याला दोन खोट्या गोष्टी शिकवतात.

पहिली गोष्ट : सिगारेट ओढणारा माणूस धीट आणि रुबाबदार असतो. चित्रात फक्त धूर दिसतो. नंतरचा खोकला, धाप, कर्करोग आणि रिकामा खिसा दिसत नाही. तंबाखूतील निकोटिनमुळे सवय जडते आणि ती सहजासहजी सुटत नाही, हेही दिसत नाही.

दुसरी गोष्ट : सगळेच सिगारेट ओढतात. भारतात २०१६-१७ साली झालेल्या सरकारी पाहणीत १०० प्रौढांपैकी सुमारे ११ जणच धूम्रपान करणारे आढळले. उरलेले ८९ जण करत नव्हते. पण कॅमेरा त्यांच्या हाताकडे वळत नाही.

आपल्या देशात २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. २०१२ पासून चित्रपटात धूम्रपानाचे दृश्य आले, की पडद्यावर धोक्याची सूचना द्यावी लागते. पण ही सूचना पडद्याच्या तळाशी असते आणि नायक मात्र पडदाभर असतो! म्हणून नुसता कायदा पुरेसा नाही. पाहणाऱ्याने डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

मुलांनो, पडद्यावर धूर दिसला, की मनाला दोन प्रश्न विचारा. हे चित्र मला काय दाखवते? आणि काय लपवते? उद्या एखादा दोस्त सिगारेट पुढे करील. तेव्हा शांतपणे 'नको' म्हणायला जी लागते, तीच खरी हिंमत!

स्वाध्याय
१. उंटाच्या जाहिरातीचा लहान मुलांवर कोणता परिणाम झाला?
२. धूम्रपानाची चित्रे कोणत्या दोन खोट्या गोष्टी शिकवतात?
३. दोस्ताने सिगारेट पुढे केली, तर तुम्ही काय म्हणाल? चार वाक्ये लिहा.