उपचारांनंतरचा डोंगर

पावसाळा सरला की कामशेतच्या आभाळात पॅराग्लायडरचे रंगीत पंख दिसू लागतात. साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत हा हंगाम चालतो. उन्हाने तापलेल्या उतारांवरून गरम हवेचे झोत उठतात, पश्चिमेचा वारा डोंगराला भिडून वर चढतो आणि उडणाऱ्याची नजर घारीवर खिळलेली असते. घार पंख न हलवता जिथे घिरट्या घेते, तिथे वर उचलणारी हवा आहे, हे इथे उडायला शिकणाऱ्याला लवकरच कळतं.

डोंगर, धरणांचं पाणी, भातखाचरं आणि पाखरं यांनी भरलेला हा मावळचा टापू पुणे-लोणावळा लोकलने गाठता येतो. त्याची खरी गरज आहे ती लहान वयात कर्करोगाशी झुंजून घरी परतलेल्या मुलामुलींना.

केमो संपते, केस पुन्हा येतात, डॉक्टर पुढच्या तपासणीची तारीख देतात. घर मात्र त्या आजारातच अडकून राहतं. उन्हात जाऊ नकोस, दगदग करू नकोस, मित्रांबरोबर कुठे भटकू नकोस! उपचार चालू असताना ही काळजी रास्तच असते. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, साधा संसर्गही जिवावर बेततो. पण रक्ताचे आकडे सुधारून वर्षं उलटली तरी पोर घरातच बसून राहतं. सोळा-सतरा वर्षांच्या त्या जिवाला आपल्या शरीराची ओळख असते ती सुया, सलाइन आणि उलट्या एवढीच. हे शरीर पळू शकतं, चढू शकतं, आनंदही देऊ शकतं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

अमेरिकेतल्या काही मुलांनी यावर स्वतःच उपाय मागितला होता. त्यांना शिकारीला जायचं होतं. १९९६ मध्ये मिनेसोटातल्या मेंदूच्या कर्करोगाच्या एका किशोरवयीन रुग्णाची अलास्कात अस्वलाच्या शिकारीची इच्छा ‘मेक-अ-विश’ने पुरी केली. प्राणिप्रेमींनी मोठं वादळ उठवलं आणि पुढे संस्थेने बंदुकीशी संबंधित इच्छा पुरवणं बंद केलं. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलाला कॅनडात मूस या महाकाय हरणाच्या शिकारीला जायचं होतं. त्याच्या आईने ते जमवून आणलं आणि नंतर अशाच मुलांसाठी ‘हंट ऑफ अ लाइफटाइम’ ही संस्था उभी केली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद केली आहे, आणि ती बंद आहे हेच योग्य. तरीही त्या मुलांना रानात काय सापडत होतं, हे समजून घ्यायला हवं. पहाटे उठायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं, ओल्या मातीतला माग वाचायचा, श्वास आवरून तासभर निश्चल बसायचं. रुग्णालयातही ही मुलं ताटकळतच असतात, पण ते रिपोर्टची वाट पाहणं असतं, हात बांधून बसवणारं. रानातलं वाट पाहणं त्यांनी स्वतः निवडलेलं असतं, आणि त्यात कान, डोळे, पाय सगळे कामाला लागतात.

हा आनंद मिळवायला गोळी झाडावी लागत नाही. सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका बघून कुतूहल जागं झालं आणि ती ओळखून घ्यायला तो मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. शिकाऱ्याची नजर पक्षिनिरीक्षकाची झाली ती तिथून. मावळात या नजरेला काम भरपूर आहे. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग झुडपात शोधायला शिकाऱ्याइतकाच संयम लागतो.

आणि नेमबाजीच करायची असेल तर तीही आहे. कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी मॉस्कोत ‘वर्ल्ड चिल्ड्रन्स विनर्स गेम्स’ भरत आल्या आहेत. त्यात धावणं, पोहणं, फुटबॉल, टेबल टेनिस, बुद्धिबळ यांच्या जोडीला नेमबाजीही असते. २०१९ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात बरी झालेली मुलं तिथे जाऊन पदकं घेऊन आली. ज्यांना जिना चढतानाही हात धरावा लागायचा, अशा मुलांसाठी भरणारं हे मैदान आहे. या बातम्या आपल्याकडे पहिल्या पानावर यायला हव्या होत्या.

अमेरिकेचा शॉन स्वार्नर यापुढेही गेला. तेराव्या वर्षी हॉजकिन्स लिम्फोमा, मग किशोरवयातच छातीतला दुसरा, वेगळा कर्करोग. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. २००२ मध्ये तो एव्हरेस्टवर पोहोचला.

सगळ्यांनी एव्हरेस्टकडे बघायचं नाही, आणि घाईही करायची नाही. डॉक्सोरुबिसिनच्या गटातली औषधं हृदयाचे स्नायू दुबळे करू शकतात, व्हिन्क्रिस्टिनने पायांच्या नसा बधिर होतात, स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात. पॅराग्लायडिंगमध्ये उतरताना बसणारा हिसका अशा हाडांना झेपेलच असं नाही. म्हणून टूडी एको, हाडांची तपासणी आणि डॉक्टरांची परवानगी आधी, उड्डाण नंतर. सुरुवातीला कामशेतजवळची बेडसे लेणी पुरेत. सुमारे चारशे पायऱ्या आहेत, हव्या तिथे टेकता येतं, आणि वर दोन हजार वर्षांपूर्वीचे दगडी खांब वाट बघत उभे असतात. ते जमलं की लोहगड, मग तिकोना.

व्यायामाचं वैद्यकीय मोलही आता आकड्यांत दिसू लागलं आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘चॅलेंज’ चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण होते. केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी ९०.३ टक्के आठ वर्षांनी हयात होते. फक्त माहितीपुस्तिका दिलेल्यांत हे प्रमाण ८३.२ टक्के. हे रुग्ण प्रौढ होते, त्यामुळे मुलांना हेच आकडे लावता येणार नाहीत. पण बरं झाल्यावर पडून राहावं, या समजुतीला त्यांनी जोरदार धक्का दिला आहे.

टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्येच स्वतंत्र ‘एसीटी क्लिनिक’ सुरू केलं. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा गट २००९ पासून बरे झालेल्या तरुणांना एकत्र आणतो. अशा गटांनी हिवाळ्यात मावळात यावं, आणि इथल्या गिर्यारोहण संस्थांनी, पॅराग्लायडिंगच्या शाळांनी, पक्षिमित्रांनी त्यांना आपणहून बोलवावं. आईवडिलांकडे मागणं एवढंच आहे: पुढच्या तपासणीला जाताना रक्ताच्या रिपोर्टबरोबर डोंगराचाही प्रश्न न्या. कोणता चढ, किती पायऱ्या, कधीपासून, हे डॉक्टरांना मुलासमोरच विचारा.