गाउसिरचं बंदर आणि शेतघरांचे उकिरडे

उत्तर आइसलँडमधला मोद्रुवेटलिरचा मठ १३१६ साली जळाला. मठातले धर्मबंधू गाउसिरच्या बंदरावरून दारू पिऊन परतले, दिवाबत्तीत हलगर्जी झाली आणि आगीत सगळं गेलं, असं लारेंतियुस बिशपांच्या चरित्रगाथेत लिहिलं आहे. जुन्या बंदरांचं मला अनेक वर्षांचं वेड आहे. गाउसिरचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते या आगीच्या हकिकतीत, आणि त्यानंतर ते बंदर काही मनातून गेलं नाही.

एयाफ्योर्दुर या लांबलचक खाडीच्या पश्चिम काठावर, होर्गाउ नदीच्या मुखाशी गाउसिर होतं. उन्हाळ्यात नॉर्वेची जहाजं यायची, व्यापारी हिरवळीच्या ढेकळांच्या भिंती घालून तात्पुरत्या खोपटांत राहायचे आणि मोसम संपला की परतायचे. १९०७ मध्ये डॅनिश कॅप्टन डॅनियल ब्रून आणि भाषापंडित फिन्नुर योनसोन यांनी इथे पहिलं उत्खनन केलं. पुढे २००१ ते २००६ या काळात हॉवेल रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली मोठं काम झालं. शुद्ध करायला आणलेलं गंधक सापडलं, वॉलरसचे अवशेष मिळाले, शिकारी ससाण्याची हाडं मिळाली. आइसलँडचा पांढरा ससाणा युरोपातल्या राजेरजवाड्यांना भेट म्हणून जाई, हे कागदोपत्री ठाऊक होतंच. आता बंदराच्या मातीनेही त्याला दुजोरा दिला.

मला मात्र प्राणिअस्थितज्ज्ञ रमोना हॅरिसन यांचं काम जास्त मोलाचं वाटतं. बंदरावर न थांबता त्या आसपासच्या शेतघरांकडे वळल्या. मोद्रुवेटलिर, तसंच होर्गाउच्या खोऱ्यातली स्कुग्गी आणि ओड्स्तादिर ही पुढे ओस पडलेली शेतघरं, अशा ठिकाणचे उकिरडे त्यांनी खणले. राख, शेण, माशांचे काटे, फुटकी हाडं असं पिढ्यान् पिढ्या एकाच जागी टाकलेलं असतं. त्यातच ज्वालामुखीची राख थर धरून बसते. हेक्लाच्या ११०४ च्या उद्रेकाचा फिकट पट्टा खड्ड्याच्या उभ्या कडेवर दिसला, की त्याखालचं सगळं त्याआधीचं. १३०० चा थर वर असेल, तर दोहोंमधला कचरा त्या जवळपास दोनशे वर्षांतला.

आइसलँडच्या शेतघराच्या उकिरड्यात नुकत्याच जन्मलेल्या वासरांची हाडं हमखास मिळतात. जबड्यात दुधाचे दातसुद्धा धड वर आलेले नसतात. गाईचं दूध माणसांसाठी हवं, म्हणून वासरू लवकर मारलं जाई. गाउसिरला अशी हाडं फार कमी आहेत. तिथे गोमांस भरपूर होतं, तेही भरल्या अंगाच्या जनावरांचं. म्हणजे व्यापारी तिथे गुरं पाळत नव्हते, आसपासची शेतं त्यांना पोसत होती. जनावर कापायचं की आणखी एक हिवाळा चाऱ्यावर जगवायचं, या शेतकऱ्याच्या हिशोबात आता बंदराची मागणी येऊन बसली. त्याखेरीज बायकांनी मागावर विणलेलं वाडमाल नावाचं लोकरी कापड परदेशी जात होतं, ते वेगळंच. गाउसिरच्या इतिहासात ससाण्यांना जेवढी जागा मिळते, तेवढी या गुरांना आणि मागांना मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता पुन्हा मठाकडे. हा ऑगस्टिनियन मठ १२९६ मध्ये होलारचे बिशप योरुंदुर यांनी स्थापला होता. आगीनंतर होलारचे तेव्हाचे बिशप औदुन यांनी तो पुन्हा बांधला नाही आणि मिळकत बिशपांच्याच ताब्यात राहिली. धर्मबंधूंची तक्रार थेट नॉर्वेच्या आर्चबिशपांपर्यंत गेली. पुढे लारेंतियुस बिशप झाले, तरी वाद मिटेना. शेवटी स्काउलहोल्टचे बिशप योन हाल्दोरसोन यांना मध्ये पडावं लागलं. मठ पुन्हा उभा राहिला आणि धर्मसुधारणेपर्यंत टिकला.

आता दारूची हकिकत सांगणारा कोण, ते पाहा. ही गाथा लिहिल्याचं श्रेय एइनार हाफलिदासोन या पाद्र्याला दिलं जातं, आणि हा लारेंतियुस यांच्या अगदी जवळचा माणूस. म्हणजे मिळकतीवरून ज्यांचं भांडण चाललं होतं, त्यांतल्या एका बाजूची ही साक्ष आहे. आग लागली यात शंका नाही. पण धर्मबंधू दारुडे होते म्हणून मठ नको, हा युक्तिवाद बिशपांच्या किती सोयीचा होता, हे नजरेआड करून ती हकिकत वाचणं मला पटत नाही. शिवाय मोद्रुवेटलिर बंदरापासून जवळ, पोसलेली गुरं बाळगणारी मोठी मिळकत. तिथल्या माणसांचं गाउसिरला जाणं-येणं असणारच. ते फक्त पिण्यासाठी जात, असं मानायला काहीच आधार नाही.

कागद बिशपांनी लिहून घेतले. स्कुग्गीच्या शेतकऱ्याने काय खाल्लं, काय विकलं हे कोणी लिहून ठेवलं नाही, ते त्याच्या उकिरड्यातच राहिलं. जुन्या बंदराचं उत्खनन करणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच पहिल्या वर्षापासून आसपासच्या शेतघरांचे उकिरडेही खणायला घ्यावेत. त्याशिवाय बंदराचा इतिहास अर्धाच राहतो.