पोथी, छापील ग्रंथ आणि संशोधकाची पूर्वतयारी

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें गांव आहे. तेथील यादवकालीन मंदिरें व उंच कोरीव स्तंभ आजही पाहावयास मिळतात, कारण दगड टिकतो. त्याच यादवकाळांत मराठी ग्रंथरचना बहरली. पण ती पोथ्यांतून पुढें आली, आणि पोथी दगडासारखी टिकत नाहीं. तिला कसर लागते, पाणी लागतें. जीर्ण झाली म्हणजे श्रद्धाळू हातच तिला नदींत विसर्जित करतात. म्हणून पोथीकडून छापील ग्रंथाकडे झालेलें संक्रमण हा विषय घेऊन पीएच्.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याची तयारी कशी व्हावी, हा प्रश्न या भागाला निकडीचा आहे.

छापखाना आला आणि पोथी संपली, असें झालें नाहीं. बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें आणि कोश १८१० मध्यें छापला गेला. कोशासाठीं मोडीचे खिळे वापरले होते. मुंबईंत मात्र शिळाछापानें जम बसविला. त्यांत लेखकाचें हस्ताक्षरच दगडावर उतरे, आणि पानेंही पोथीसारखीं आडवीं व सुटीं ठेवतां येत. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ मध्यें पंचांग छापलें. शाईंत चरबी असते म्हणून कर्मठ लोक छापील पोथीस शिवत नसत. त्यांच्यासाठीं तुपाची शाई करावी लागली. पुढें जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यानें, १८६९ पासून, बाळबोध खिळ्यांना सुबक वळण दिलें. मोडी दफ्तरांत राहिली. पुस्तक बाळबोधाचें झालें.

मराठी ग्रंथांचे मोठे छापखाने मुंबई-पुण्यास होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती. येथील पोथी प्रकाशांत आली, तरी ती बहुधा दूरच्या संपादकाच्या हातून येई. याचा परिणाम काय होतो, हें ज्ञानेश्वरीच्या उदाहरणावरून कळतें.

पाठ बिघडल्याची जाणीव मुद्रणापूर्वींच होती. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८४५ मध्यें तो ग्रंथ शिळाछापावर आणला. पुढें वि. का. राजवाडे यांना परभणीच्या शेजारच्या बीड येथें १९०३ मध्यें एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असें त्यांचें मत होतें, आणि १९०९ मध्यें त्यांनीं ती छापली. परंतु मूळ पोथी पुढें अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाहीं. अक्षराचें वळण, कागद, शाई, समासांतील दुरुस्त्या यांची फेरतपासणी अशक्य झाली, आणि काळाविषयींचा वाद मिटविण्याचें साधनच नाहींसें झालें. छापील पुस्तक शब्द राखतें. पुरावा राखीत नाहीं.

यावरून शिक्षणाचीं अंगें ठरतात. पहिलें, वाचन : शब्द न तोडतां लिहिलेलें जुनें बाळबोध, मोडी, आणि महानुभावांच्या सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्या. दुसरें, समाप्तिलेख : त्यांत शक, गांव व लेखनिकाचें नांव सांपडूं शकतें. शकांत ७८ मिळवून इसवी सन काढतात, माघ-फाल्गुनाच्या मितीस ७९. तिसरें, पाठांची तुलना : दोन पोथ्यांत नेमकी एकच ओळ गळलेली असेल, तर त्या एकाच मुळावरून उतरल्या असण्याचा संभव असतो, म्हणून प्रती मोजण्याआधीं त्यांचें नातें शोधावें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति याच शिस्तीनें सिद्ध केली; सु. मं. कत्रे यांनीं १९४१ मध्यें या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चौथें, छापील प्रतीची परीक्षा : प्रस्तावना, छापखाना, आणि संपादकानें शुद्धलेखनांत केलेले बदल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनीं पीएच्.डी.पूर्वीं अभ्यासक्रम सक्तीचा झाला. परभणी जिल्हा ज्याच्या क्षेत्रांत आहे, तें नांदेडचें विद्यापीठ १९९४ चें आहे. या विषयाच्या अभ्यासक्रमांत व्याख्यानांबरोबर प्रत्यक्ष पोथी हातीं यावयास हवी. घरमालकाच्या संमतीनें तिचें छायाचित्र घ्यावें, पानें मोजावीं, समाप्तिलेख टिपावा, आणि पोथी ज्या फडक्यांत होती त्याच फडक्यांत बांधून परत द्यावी. विसर्जनापूर्वीं एवढें झालें, तरी पुढच्या अभ्यासकास पुराव्यावांचून वाद घालावा लागणार नाहीं.