तळघरातले आवाज

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, उत्तरेकडील मॉरिस परगण्यात, पार्सिपनी हे गाव वसलेले आहे. न्यूयॉर्क महानगरातील लोक एकेकाळी येथील तळ्यांच्या काठी उन्हाळ्यापुरते राहावयास येत आणि थंडी पडू लागली की घरांना कुलपे घालून परत जात. आज त्याच तळ्यांभोवतीच्या गल्ल्यांतून संध्याकाळी चालावे, तर मध्येच एखाद्या घरातून मोहरी-हिंगाच्या फोडणीचा वास येतो. १९६५ साली अमेरिकेने परदेशस्थांच्या प्रवेशाचा कायदा बदलला. त्यानंतर डॉक्टर, अभियंते, औषधनिर्मितीतील शास्त्रज्ञ असे अनेक भारतीय न्यू जर्सीत आले आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती. विमानाने आलेली, पदव्या घेऊन आलेली ही माणसे. करारावर अंगठा उठवून ऊसमळ्यांत गेलेल्या आपल्या पूर्वजांशी त्यांचे काय साम्य, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. साम्य थोडेच आहे. परंतु या घरांत एक ठेव अशी आहे की, ती आपल्या वाट्यास कधीच आली नाही. आणि तिच्याकडे दुर्लक्ष होत आहे, हे आपणांसच अधिक जाणवेल.

तिकडच्या घरांना बहुधा तळघर असते. घर उबदार ठेवणारी भट्टी तेथे, बर्फ ओढावयाची फावडी तेथे, आणि भारतातून पहिल्या खेपेस आणलेल्या बॅगाही तेथेच. त्या बॅगांच्या आसपास पुष्कळदा एक कागदी खोके असते व त्यात कॅसेटी असतात. काहींवर छापील वेष्टन असते: गीतरामायण, पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन, नाट्यगीते. काहींवर मात्र केवळ शाईने लिहिलेले दोन शब्द.

छापील वेष्टनाच्या कॅसेटी त्या पिढीच्या बालपणाची साक्ष देतात. ते बालपण रेडिओचे होते. दिवाणखान्यात उंच फळीवर, वर विणलेला रुमाल घालून ठेवलेला तो पेटीवजा रेडिओ. त्याचा परवाना टपाल कचेरीतून काढावा लागे. सकाळी आकाशवाणीची ती संथ सूचक धून वाजली की घर जागे होई. ही धून वॉल्टर काउफमान या संगीतकाराची म्हणून ओळखली जाते. नाझींच्या धास्तीने युरोप सोडून तो १९३४ साली मुंबईस आला, आकाशवाणीत राहिला आणि पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापक झाला. लक्षावधी भारतीयांच्या मनात ‘घर’ या शब्दाबरोबर जी धून वाजते, ती एका निर्वासिताची आहे!

१९५५ च्या रामनवमीस पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. दर आठवड्यास एक नवे गीत, आणि वर्षाअखेर ५६ गीते. त्या वेळी कित्येक घरी रेडिओस हार घालीत, असे जुनी माणसे सांगतात. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी आणि मीनावहिनी तर शेजारच्या बिऱ्हाडात राहतात, असेच श्रोत्यांस वाटे. चित्रपटगीतांची हकीकत निराळी. १९५२ पासून नभोवाणी खात्याचे मंत्री असलेल्या बा. वि. केसकरांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. एका मराठी मंत्र्याने दारातून घालविलेली गाणी मग दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनच्या ‘बिनाका गीतमाले’तून मराठी घरांच्या खिडकीने आत आली! १९५७ साली विविधभारती सुरू करून आकाशवाणीस ही चूक निस्तरावी लागली.

ही सारी करमणूक नव्याने विकत मिळते. ती हरविण्याचे भय नाही. भय आहे ते शाईने लिहिलेल्या कॅसेटींचे.

फिलिप्स कंपनीने ही लहानशी कॅसेट १९६३ साली बाजारात आणली आणि काही वर्षांत ती घरोघर पोहोचली. त्या काळी अमेरिकेतून भारतात दूरध्वनी करावयाचा म्हणजे आधी नोंदणी करावयाची, तासन् तास थांबावयाचे, आणि जोडणी मिळाल्यावर ‘ऐकू येते का?’ यातच निम्मा वेळ घालवावयाचा. निळ्या हवाईपत्रात जागा अपुरी. शिवाय सगळ्याच आयांना लिहिता येत होते असे नाही. म्हणून पुष्कळ घरांतून टपालाने, किंवा जाणाऱ्या-येणाऱ्या परिचितांच्या हाती, बोललेली पत्रे जाऊ लागली. एका बाजूस तीस किंवा पंचेचाळीस मिनिटे. आरंभी यंत्रासमोर बसून घसा खाकरणारे वडील, ‘आम्ही सर्व येथे खुशाल आहोत’ असे पत्रातलेच वाक्य वाचल्यासारखे बोलणारे. मग आई, ती मात्र यंत्र विसरते, आणि पापडाचे पीठ, थोरल्या जावेचे दुखणे, आंब्याचा मोहोर हे सगळे एका दमात सांगते. मागे कुकरची शिट्टी, कावळा, बोहारणीची आरोळी. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने हे सारे दोषच होत. आज ऐकणाऱ्यास मात्र आईच्या शब्दांइतकेच ते मोलाचे वाटतात. मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी असे आपापल्या गावचे बोलणे त्या फितींवर जसेच्या तसे आहे. अमेरिकेत जन्मलेली नातवंडे मराठी शिकतात ती पुस्तकातली. आजीची बोली त्यांस दुसरीकडे कोठे मिळावयाची?

येथे आपल्या पूर्वजांचे स्मरण होते. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख मजूर मॉरिशस बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले व घाटावरचे मराठी लोकही होते. प्रत्येकास एक क्रमांक मिळाला. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, जिल्हा व गाव लिहिले गेले. पुढे कित्येकांची छायाचित्रेही काढण्यात आली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरे जपलेली आहेत, आणि आपल्या पणजोबांचा चेहरा तेथे शोधून काढणारे वंशज आजही आहेत. चेहरा मिळतो, आवाज मिळत नाही. झाकरीची गाणी, देवाच्या आरत्या हे जे राहिले ते तोंडातोंडी राहिले. पण बोटीवरून उतरलेला तो माणूस स्वतः कसा बोलत असे, हे कोणीही सांगू शकत नाही. आवाज साठविणारे पहिले यंत्र एडिसनने १८७७ साली बनविले, तेव्हा मजुरांची जहाजे अजून चालूच होती. आणि ते यंत्र बनले न्यू जर्सीतच, मेन्लो पार्क येथे! एडिसनची पुढची प्रयोगशाळा, वेस्ट ऑरेंजची, तर पार्सिपनीपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहे.

त्या यंत्राच्या शेजारी राहून आवाज गमावावा, हे चमत्कारिक खरेच. कॅसेटमधील फीत म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर लोहाच्या भस्माचा थर एका चिकट द्रव्याने बसविलेला असतो. ते द्रव्य दमट हवेत ओलावा शोषते, थर सुटू लागतो, कधी बुरशी धरते. न्यू जर्सीचा उन्हाळा दमट, आणि तळघर त्याहून दमट. बुरशी आलेली फीत यंत्रात घातली तर फीतही जाते आणि यंत्रही बिघडते. ती जाणकाराकडेच द्यावी लागते. बाकीच्या फिती घरी संगणकावर उतरवून घेणे अवघड नाही. मात्र तासाभराच्या फितीस तासभरच लागतो, आणि तेवढा वेळ कोणीतरी तेथे बसून ऐकावे लागते. बहुतेक ठिकाणी घोडे येथेच अडते. वेळ नसतो असे लोक म्हणतात. पण दिवंगत आईचा आवाज एकाएकी ऐकण्याचा धीर होत नाही, हेही कारण असावे.

दुसरी अडचण अधिक साधी आहे. मॉरिशसच्या नोंदवहीत परक्या कारकुनाने का होईना, मजुराचे नाव, बाप आणि गाव लिहून ठेवले. खोक्यातल्या कॅसेटीवर बहुधा इतकेच असते: ‘आई – दिवाळी’. कोणाची आई, आणि कोणत्या साली, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.