वसईची बावखले आणि चर्चचे व्यासपीठ : पर्यावरणकार्यात धर्मग्रामांचा वाटा

चर्चच्या पर्यावरण उपक्रमांची बातमी येते तेव्हा ती बहुधा वृक्षारोपणाची असते. आवारात रोपे लावली जातात, छायाचित्र निघते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विषय मिटतो. महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण मात्र झाडांपासून सुरू झाले नाही. मुंबईच्या उत्तरेस असलेल्या वसईत ख्रिस्ती भाविक एकत्र आले ते विहिरींचे पाणी आणि वाड्यांची जमीन हातची जाऊ लागली म्हणून.

वसईवर 1534 ते 1739 या काळात पोर्तुगिजांची सत्ता होती. त्या दोन शतकांत येथील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. भाषा, बोली आणि शेती मात्र मागील पानावरून पुढे चालू राहिली. सामवेदी आणि वाडवळ या समाजांत हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला ही दोघांचीही पिके. आगाशी परिसरातील सुकेळी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी, आजही तालुक्याची ओळख सांगतात. त्यामुळे येथील पर्यावरणाचा प्रश्न हा थेट उपजीविकेचा प्रश्न होता, आणि तो कोणत्या एका धर्माचा नव्हता.

या शेतीचा आधार म्हणजे बावखल. बावखल हे तळ्यासारखे उथळ, खणलेले जलाशय असते. पावसाचे पाणी त्यात साठते, रेताड जमिनीतून मुरते आणि आसपासच्या विहिरींना मिळते. किनाऱ्यालगत या मुरण्याला विशेष महत्त्व आहे. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्याच्यावर तरंगत असते. भूजलशास्त्रातील ठोकताळा असा, की समुद्रसपाटीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी 1 मीटरने उंच असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. याचा उलट अर्थ अधिक गंभीर आहे. बेसुमार उपशाने वरची पातळी 1 मीटरने उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे 40 मीटर वर सरकू शकते. रहाटाने पाणी काढण्याच्या काळात हा समतोल फारसा ढळत नव्हता. पंप आले आणि त्यांच्या मागोमाग टँकर आले, तेव्हा तो ढळू लागला.

1980 च्या दशकात उपनगरी रेल्वेच्या आधाराने वसई, नालासोपारा आणि विरार येथे वसाहती झपाट्याने वाढल्या. इमारतींची बांधकामे आणि नवी घरे यांना पाणी हवे होते. ते पश्चिम पट्ट्यातील विहिरींतून टँकरने जाऊ लागले. त्याच वेळी शेतजमिनींवर बांधकाम व्यावसायिकांची नजर वळली आणि जमीन व्यवहारांबरोबर गावांत दहशतही शिरली. या पार्श्वभूमीवर दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचा सर्वांत परिचित चेहरा होते नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 1983 ते 2007 या काळात ते ‘सुवार्ता’ या मराठी ख्रिस्ती मासिकाचे संपादक होते. 2020 मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. 25 जुलै 2024 रोजी त्यांचे निधन झाले.

समितीच्या नावात ‘ख्रिस्ती’ हा शब्द नव्हता, ही बाब महत्त्वाची आहे. धर्मगुरू अग्रभागी असले तरी लढा हरित पट्ट्याचा होता आणि त्यात अन्यधर्मीय शेतकरी व कार्यकर्तेही होते. आंदोलन चर्चपुरते राहिले असते, तर त्याला ‘एका समाजाची तक्रार’ ठरवून बाजूला सारणे विरोधकांना सोपे गेले असते. 1990 मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली आणि संघर्ष मोर्चांबरोबरच नकाशे व आरक्षणांच्या भाषेत शिरला.

धर्मग्रामाची खरी उपयुक्तता येथेच दिसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखड्याच्या प्रारूपावर ठराविक मुदतीत नागरिकांना हरकती नोंदवता येतात. ही मुदत उलटली, की शेतावर पडलेली आरक्षणाची रेषा हलवणे फार कठीण होते. पण राजपत्र वाचणारे शेतकरी किती असतात? रविवारच्या मिस्सेला मात्र गाव जमते. मिस्सेनंतरच्या सूचनांत आराखड्याची माहिती सांगता येते, अर्ज भरायला मदत मिळते, मासिकातून विषय घरोघरी पोहोचतो. स्वयंसेवी संस्थेला अशी आठवड्याला न चुकता भरणारी सभा उभी करायला वर्षे लागतात. धर्मग्रामाकडे ती आयतीच असते.

वसईतील हे काम कोणत्याही धर्मादेशाची वाट पाहून सुरू झाले नव्हते. जागतिक पातळीवर ख्रिस्तसभा या विषयाकडे वळत होती ती साधारण त्याच सुमारास. ऑर्थोडॉक्स परंपरेच्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मप्रमुखांनी 1989 मध्ये 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. पोप जॉन पॉल दुसरे यांचा 1 जानेवारी 1990 चा शांतिदिन संदेश पर्यावरणावर होता. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले 2015 मध्ये. त्यानंतर 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा काळ अनेक धर्मग्रामांत सृष्टीपर्व म्हणून पाळला जातो. वसईने पाव शतक आधी रस्त्यावर जे मांडले होते, त्याला या परिपत्रकाने धर्मशास्त्राची भाषा दिली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

इतरत्र हा सहभाग वेगळे रूप घेतो. उत्तर इथिओपियात ऑर्थोडॉक्स चर्चभोवतीची छोटी जंगले ही मूळ वनस्पतींची शेवटची आश्रयस्थाने ठरली आहेत. गुरे आत शिरू नयेत म्हणून तेथील भाविकांनी अनेक ठिकाणी दगडी कुंपणे घातली. महाराष्ट्रातील देवरायांशी त्यांचे साम्य चटकन लक्षात येते.

भिलाईसारख्या पोलादनगरीचे उदाहरण याच्या अगदी विरुद्ध आहे. 1955 मधील भारत-सोव्हिएत करारातून हा कारखाना उभा राहिला. सिविक सेंटर आणि त्याभोवतीचे सेक्टर त्याच नियोजनाचा भाग. देशभरातून आलेल्या कामगारांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. पण नगरीतील घर आणि जमीन कारखान्याची, पाण्याची व्यवस्थाही त्याच्याच नगर प्रशासनाकडे. अशा वसाहतीत कोणत्याही प्रार्थनास्थळाचे भाविक झाडे लावू शकतात, परिसर स्वच्छ ठेवू शकतात. जमिनीचा वापर ठरवणे त्यांच्या हाती नसते. वसईच्या भाविकांच्या हाती विहीर होती, वाडी होती आणि सातबारावर नाव होते.

वसईची सर्वांत मोठी अडचणही याच मालकीतून जन्मली. जमीन विकत घेणारा बाहेरचा असला, तरी विकणारा अनेकदा चर्चमध्ये शेजारच्याच बाकावर बसलेला असतो. केळीच्या बागेचे उत्पन्न आणि इमारतीसाठी मिळणारा भाव यांची तुलनाच होऊ शकत नाही. मुले नोकरीसाठी मुंबईला किंवा परदेशी गेलेली असतात आणि बाग सांभाळायला माणूस मिळत नाही. अशा कुटुंबाला ‘जमीन विकू नका’ असे प्रवचनातून सांगणे सोपे आहे. त्याच्या खर्चाची तोंडमिळवणी कशी व्हावी, याचे उत्तर व्यासपीठाकडे नाही. शेतमालाला बाजार, साठवण आणि प्रक्रिया यांची सोय झाल्याशिवाय हा ताण कमी होण्याची शक्यता नाही.

मुंबईत याचे टोक दिसते. ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ हा सुगीचा सण साजरा करतो. या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणल्या जातात. शहरातील अनेक गावठाणांत भातखाचरेच उरली नसल्याने आता या लोंब्या बाहेरून मागवाव्या लागतात.

वसईत जुलै 2018 मधील पुराने चर्चेला वेगळे वळण दिले. अनेक भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिले, रेल्वे ठप्प झाली. त्यानंतर महापालिकेने कारणे शोधण्यासाठी नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्याकडे अभ्यास सोपवला. नैसर्गिक नाले, खाड्या आणि सखल जमिनी बुजल्या की पाणी घरात येते, हे आता इमारतींत राहणाऱ्यांनाही कळले. हरित पट्टा हा केवळ शेतकऱ्यांचा हट्ट नाही, हे पटवण्यासाठी वेगळ्या मोर्चाची गरज उरली नाही.

याच काळात गिरीज परिसरातील तरुणांनी गाळाने आणि कचऱ्याने भरलेली बावखले स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले. ते मोर्चापेक्षा संथ आहे आणि त्यात घोषणा नाहीत. अनेक बावखले खासगी जमिनीत आहेत. एखाद्या मालकाने भराव टाकायचे ठरवले, तर शेजाऱ्यांच्या विहिरींवर परिणाम होतो. म्हणून गाळ काढण्याआधी मालकाची संमती मिळवावी लागते, आणि ती मिळवताना गावातील ज्येष्ठ, शेजारी व धर्मगुरू यांचा शब्द उपयोगी पडतो. बावखलाची सार्वजनिक जलस्रोत म्हणून स्वतंत्र नोंद झाली, तर ही सारी भिस्त एका कुटुंबाच्या मर्जीवर राहणार नाही. तोवर काम उन्हाळ्याच्या वेळापत्रकानेच चालते : पाणी आटले की गाळ काढायचा आणि मृगाच्या आत काठ बांधून घ्यायचे.