मार्कंड्याच्या नदीकाठी आजोबांची शाळा

एकदा पाय घसरून पडले की ज्येष्ठांचे जग हळूहळू आक्रसू लागते. पुन्हा पडण्याच्या भीतीने ते स्वतः उठत नाहीत आणि काळजीपोटी घरचे त्यांना उठू देत नाहीत. चालणे थांबले की पायांतील बळ व शरीराचा तोल घटतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. हे दुष्टचक्र मोडण्यासाठी औषधोपचारांइतकेच बाहेर पडण्यास सबळ कारणही हवे. ते कारण नदीकाठी मिळू शकते.

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा वसले आहे. एरवी दक्षिणेकडे जाणारी नदी येथे उत्तरवाहिनी होते. काठावरील शिल्पसमृद्ध मंदिरसमूहाला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात. पुढे चपराळा अभयारण्याजवळ वैनगंगा वर्धेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. निसर्गशिक्षणासाठी याहून मोठा वर्ग कोणता?

या वर्गाचे शिक्षक आपण व्हावे. नातवंडे पर्यावरण हा विषय पुस्तकातून शिकतात. पूर्वी पूर कुठवर येई, डोहात कोणते मासे मिळत, मोहफुले केव्हा वेचत, हे मात्र आपल्यालाच ठाऊक असते. टिटवी, बगळा, खंड्या मुलांना ओळखून दाखवा. ज्येष्ठाला हवापालटासाठी नेलेला रुग्ण न मानता सांगण्यासारखे पुष्कळ असलेली व्यक्ती मानले, की त्याची पावले आपसूक उचलतात.

इंग्लंडमधील सुमारे २० हजार व्यक्तींच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आरोग्य व समाधान चांगले असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. हा वेळ एकदम किंवा थोडाथोडा विभागून घालवला तरी चालतो. त्यामुळे मार्कंड्याची सहल वर्षातून एकदा घडली, तरी गावच्या तळ्याची पाळ रोजची आहेच.

सोबत नेणाऱ्यांनी एवढे पाहावे :

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा ज्येष्ठांना सोसत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेतील गर्दीही टाळावी.
• वयपरत्वे तहान कमी जाणवते; म्हणून मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास डॉक्टरांना विचारावे.
• पायऱ्या चढताना सशक्त पाय आधी, उतरताना काठी व दुखरा पाय आधी टाकावा. ओल्या, शेवाळलेल्या दगडांवर मुळीच जाऊ नये.
• नेहमीची औषधे, त्यांची यादी आणि घडीची खुर्ची सोबत असावी. मधुमेहींनी खाण्याची वेळ चुकवू नये.
• चक्कर, छातीत दुखणे वा धाप लागल्यास तेथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.
• वरच्या बाजूला गोसीखुर्द धरण आहे. तेथून पाणी सोडल्यास नदीची पातळी वाढते. पावसाळ्यात पात्रात उतरू नये.

पहिल्या दिवशी दहा पावले चालून बसलात तरी पुरे. नातवंडाने “आजोबा, उद्या काय दाखवाल?” असे विचारले, तर अकराव्या पावलाची सोय झालीच म्हणून समजा.